दहा बोटांचं गाव

कुणी म्हणजे कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि न ठेवणाऱ्याला आपण नावं ठेवणार नाही. पण भीमेच्या पलीकडची एक अख्खी वस्ती, त्रेपन्न उंबरे आणि दोनशे ऐंशी माणसं, सिद्दीक सुभान मणेर नावाच्या एका किरकोळ अंगाच्या सरकारी माणसानं दीड वर्ष आपल्या दहा बोटांत वागवली. वागवली म्हणजे अशी, की ह्याच्या परवानगीशिवाय हिवतापाला तिथं शिरता येत नव्हतं, आणि ह्यानं परवानगी दिली नाही. डास होते. ते चावत होते. पूर ओसरला की नदीकाठच्या खळग्यांत पाणी साचून हिरवं होत होतं. पण कागदावर ताप नव्हता. आणि त्या दिवशी पुण्याहून मोठे साहेब जीप करून दौंडला आले होते, ते हा चमत्कार बघायला. बघायला म्हणजे वाचायला. नदी ओलांडून जायला त्यांना वेळ कुठला?

साहेब वाचून, जेवून आडवे झाले होते. सिद्दीक एसटी स्टँडाशेजारी सोपानरावांच्या हॉटेलात बाकावर बसला होता. सव्वातीन वाजले होते. हातात कपबशी होती आणि कप बशीवर वाजत होता. बारीक, दात वाजावेत तसा. त्याला आधी वाटलं, गाडी आली. दौंडात गाडी आली की जमीन हलते, जमिनीबरोबर बाक हलतं, हे इथल्या प्रत्येकाच्या बुडाला ठाऊक आहे. पण शिट्टी नव्हती, धूर नव्हता. त्यानं कप उचलून धरला. बाक हलतच राहिलं. मग कळलं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला वाकळेत गुरफटलेलं एक माणूस होतं, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेलं, आणि ते थडथडत होतं. त्याची थंडी फळीतून सिद्दीकच्या मांडीत येत होती. पौषातलं ऊन रस्त्यावर चांगलं तापलं होतं. त्यानं तिकडं बघायचं टाळलं. कप खाली ठेवायचंही टाळलं.

कपाशेजारी एक कागद होता, त्यावर सर्जेरावांचं फाउंटन पेन आडवं ठेवलेलं. सर्जेराव त्याचे इन्स्पेक्टर, समोर बसून भजी खात होते. मऊ मनाचा माणूस. हाताखालच्या माणसांच्या पोराबाळांची नावं पाठ असणारा. कागदावर टाइप केलेलं होतं, की गेली दोन वर्षं मी मला नेमून दिलेल्या गावी दर पंधरा दिवसांनी स्वतः घरोघर फिरलो, तापाच्या प्रत्येक रोग्याचं रक्त घेतलं, आणि ही माहिती खरी आहे. खाली रेघ होती. त्या रेघेवर सही झाली, की कागद चारच्या आत साहेबांच्या जीपमध्ये जायचा होता.

सकाळी ऑफिसात साहेबांनी सगळं उलगडून सांगितलं होतं. दौंड नि शिरूर ह्या दोन तालुक्यांचं मिळून हे एकच मलेरियाचं ऑफिस. आजवर खात्याची दोन कामं. एक, पंप खांद्याला मारून घरोघरच्या भिंतींवर डीडीटी फवारायची. दुसरं, सिद्दीकसारख्यांनी दारोदार ‘कुणाला ताप?’ विचारायचं, ताप असेल त्याचं बोट टोचून काचेवर रक्त घ्यायचं, गोळ्या द्यायच्या, आणि काचा तपासायला पाठवायच्या. आता एप्रिलपासून खात्याचं काम बदलणार. जिथं दोन वर्षांत एकही काच वाईट निघाली नाही तिथली फवारणी बंद. फवारणीची माणसं कमी. राहतील त्यांनी तापाबरोबर देवीची लस टोचायची, जन्ममृत्यू लिहायचे, कुटुंब नियोजनही समजावून सांगायचं. ‘आणि ह्यानं बजेटात काय फरक पडतो, पहा,’ असं म्हणून साहेबांनी फळ्यावर खडूनं एक मोठा आकडा लिहिला, त्याखाली एक लहान आकडा लिहिला, रेघ मारली. बत्तीस हजार वाचत होते. ‘आणि भीमाकाठची ही वस्ती नसती, तर हे मांडायची माझी हिंमत नव्हती. सगळ्यात डासांची जागा, आणि एक काच पॉझिटिव्ह नाही. कोण तिथला कार्यकर्ता?’ सगळ्यांच्या माना वळल्या. सिद्दीक उठून उभा राहिला. टाळ्या वाजल्या. आपलं रक्त फळ्यावर वजाबाकीला लागलेलं तो पहिल्यांदाच बघत होता, आणि त्याला एवढंच सुचलं, की आकड्यातल्या तिनाला साहेब फार मोठं पोट काढतात.

टाळ्यांत दगडोबाही होता. वरवंडचा दगडोबा, सात वर्षं पंप मारून एक खांदा उतरलेला, अंगाला कायम त्या पांढऱ्या पावडरीचा वास. त्याच्यासकट नऊ जणांची नावं कमी होणाऱ्यांत होती. बाहेर पायरीवर त्यानं सिद्दीकच्या पाठीत थाप मारली. “काय रं रगतवाल्या! येखादा ताप तरी शिल्लक ठिवायचा व्हतास की आमच्यासाठी. समदाच पुसून काढलास व्हय?” सगळे हसले. सिद्दीकही हसला. “तुझ्या वस्तीत हिवताप न्हाई, म्हंजी आमच्या घरात चूल न्हाई,” दगडोबा म्हणाला, तेही हसतच, आणि विडी पेटवायला लांब जाऊन उभा राहिला.  

बाकावर बसल्या बसल्या त्याला अब्बा आठवत होते. अब्बा आठवायची ही काही वेळ नव्हती, पण लाज वाटली की त्याला अब्बाच आठवायचे, जसं काहींना तहान लागते. सुभान मणेर. खांद्याला बांगड्यांचं ओझं, तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारापासून नदीपलीकडच्या मळ्यांपर्यंत पायी. आणि तोंडानं अशा थापा, की बाया नुसत्या थापा ऐकायला हात पुढं करायच्या. अब्बांनी एकदा दिल्लीच्या बादशहाच्या हत्तिणीला बांगड्या भरल्या होत्या. एकदा घोडनदीच्या डोहात मगरीनं बांगड्यांची माळ गिळली, तर अब्बा तिच्या पोटात जाऊन माप तपासून आले होते. सिद्दीक लहानपणी ओझ्यामागं चालायचा, रात्री विचारायचा, अब्बा, हे खरं? अब्बा हसायचे नाहीत. म्हणायचे, “बांगडी चढवताना बाई घाबरली की हात आवळती. आवळला की काच फुटती, रगत निघतं. तिला गोष्टीत गुतवायची, म्हंजी हात सैल सुटतो. थाप हाताच्या मापाची पायजे. हातापेक्षा मोठी झाली, की ती थाप न्हाई, लबाडी.” अब्बांना माणसं तोंडानं आठवत नसत, हातानं आठवत. अंधारात पंजा धरून सांगत, ही रंगुबाई, हिची आंगठ्याखालची गादी मऊ. ही हुसेनबी, हिचा पंजा पुरुषी, अडीचच्या बांगडीत बसत नाही. सिद्दीकला मलेरियाची नोकरी लागली तेव्हा अब्बा खूष झाले होते. तेच की आपलं काम, म्हणाले, दारोदार जायचं आन् बाईमाणसाचा हात हातात घ्यायचा. फकस्त तू रगत काढणार, आन् मी निघू न्हाई म्हून जपणार.

आणि पहिली दोन वर्षं त्यानं ते काम अब्बांसारखंच केलं. थापा मारत टोचायचा. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट, स्पिरिटचा बोळा, सुई, थेंब, काच. दारामागं भिंतीवर गेरूनं तारीख. पोरं त्याच्या मागं पळायची, म्हाताऱ्या त्याला ताक द्यायच्या. अब्बा गेले त्याच्या पुढल्या पावसाळ्यात, त्रेसष्ट सालच्या श्रावणात, भीमा दुथडी आली. अलीकडच्या काठावर गूळ कढवायची काहील उलटून ठेवली होती. पूर आला की माणसं तीच पाण्यात लोटून पलीकडं जातात. सोबतीला पोहणारे दोघं, दोन्ही कडांना धरून. सिद्दीकला पोहता येत नव्हतं. बाजाराच्या गावात ज्यानं अब्बांची मगरीच्या पोटाची गोष्ट आपली म्हणून सांगितली होती, तो काहिलीत बसला. काहील काठापासून दोन हात गेली आणि गरकन फिरली. पाण्याचा रंग त्याच्या डोळ्यांत गेला, आणि तो ओरडला. शब्द नव्हता त्यात, नुसता आवाज. पोहणाऱ्यांनी त्याला माघारी आणलं. ते काही वाईट बोलले नाहीत. एकानं फक्त त्याच्या पिशवीवरचं पाणी पुसून दिलं. ते पुसणं त्याला अजून दिसतं.

त्या महिन्याला वस्तीच्या वीस काचा जायला हव्या होत्या. गेल्या नाहीत तर विचारणा. विचारलं तर काहील, आणि काहिलीतला तो आवाज. चिंचेखाली बसून त्यानं स्वतःच्या डाव्या हाताचं बोट टोचलं. एका बोटातून दोन काचा, दहा बोटांच्या वीस. आपल्या उजव्या हातानं डावा टोचला, मग डाव्यानं उजवा. वहीतून नावं घातली: रंगुबाई. पोपटराव. हुसेनबी. प्रत्येक नावाला त्यानं आधी त्या माणसाचा हात आठवला, इतपत तो प्रामाणिक होता. काचा तपासून आल्या, सगळ्या निगेटिव्ह. त्याला स्वतःला तापच नव्हता, तर येणार कुठून? पूर ओसरला तेव्हा जायला हवं होतं. तेवढं एकच घडायला हवं होतं. पण ज्यांच्या नावावर आपण आपलं रक्त खपवलं त्यांच्या दारात उभं राहून ‘कुणाला ताप?’ कसं विचारायचं, हे त्याला उमगेना. दसऱ्याच्या सुमाराला एकदा तो गेला, सगळे रानात असतील अशा वेळी. घराघरांची दारं ढकलून मागच्या सगळ्या तारखा एका दमात लिहून काढल्या, एकाच गेरूनं, एकाच हातानं, आणि पळाला. सर्जेराव कधी पलीकडं गेले नाहीत. त्यांना पाण्याची भीती होती आणि ते ती उघड सांगत. तेवढं जर आपल्याला सांगता आलं असतं! वस्तीनंही कधी तक्रार केली नाही. बोट टोचायला या, म्हणून कोण बोलावणं धाडतं?

तेव्हापासून दर महिन्याला दहा बोटं. ती चाळणीसारखी झाली होती. भाकरीशी ठेचा घेतला की बोटांची टोकं पेटायची. तो चमच्यानं कालवण खायला लागला. बायकोनं, मेहरुननं, एक दिवस त्याचा पंजा उताणा करून दिव्यापाशी धरला. “बोटां कू क्या हुआ जी?” तो म्हणाला, टाचण्या. ऑफिसात फार टाचण्या असतात. झोपताना त्या बोटांना तिनं खोबरेल लावलं, एकेका बोटाला, वेळ लावून, आणि तो भिंतीकडं तोंड करून झोपल्याचं सोंग करत राहिला. वस्तीत वाटायच्या गोळ्या मात्र साठत होत्या. फेकवत नव्हत्या. आधी डब्यात, मग दुसऱ्या डब्यात. आताही पिशवीत होत्या. पिशवी त्याच्या पायाशी होती आणि बाक हलत होतं.

“सही कर की रे,” सर्जेराव म्हणाले. “चारला जीप निघेल. अन् एक सांगू? साहेबांनी तुझं नाव लिहून घेतलंय. तू पक्का होणार.”

“करतो,” सिद्दीक म्हणाला. त्यानं पेनचं टोपण काढलं. करंगळीशेजारच्या बोटाला पेनचा गारवा लागला. आत्ता सांगावं. सोपं आहे. सर्जेराव, ह्या सगळ्या काचांवरचं रक्त माझं. एवढंच. मग दगडोबाचा पंप राहील, वस्तीच्या भिंती पांढऱ्या होतील, आपली नोकरी जाईल, सर्जेरावांनाही विचारतील. ते सगळं सोसेल. पण त्यानंतर सर्जेराव काय करतील, ते त्याला दिसत होतं. ते रागावणार नाहीत. हळूच पिशवीवरचं पाणी पुसतील.

“मामा,” वाकळेशेजारच्या बाईनं हाक मारली. तिशीची, डोक्यावर पदर, पायात धूळ. “मामा, तुमी मलेरियाचं ना? पिशवीवर लिवलंय तसं. मी रजिया, वरवंडची. आईला घिऊन आलीया. येकाआड येक दिस असंच भरतंय बघा, चवथी पाळी. डाक्टर म्हनं पाचला येनार. तुमच्याकडं गोळ्या असत्यात ना?”

“आहेत की!” सर्जेरावच बोलले. “पण आधी रक्त, मग गोळी. नेम आहे. सिद्दीक, घे रे. सही मागनं कर. बघा बाई, आमचा हा माणूस आख्ख्या जिल्ह्यात एक नंबर.”

सिद्दीकला हुश्श वाटलं. पेन ठेवायला मिळालं. त्यानं पिशवी उघडली. सुई, बोळा, काच. किती दिवसांनी दुसऱ्याचं बोट! त्याचे हात आपोआप नीट चालू लागले. पण वाकळेतून हात बाहेर येईना. रजियानं आत तोंड घालून काही सांगितलं. “न्हाई म्हनती. सुईला लई भेती.”

“अस्सं?” सोपानराव गल्ल्यावरून म्हणाले. “मग सिद्दीकभाई, होऊन जाऊ द्या तुमची एखादी. काहिलीची सांगा.”

काहिलीची गोष्ट तो सगळ्यांना सांगायचा. गेल्या साली तर फारच सांगितली होती. प्रत्येक सांगण्यात पाणी एक हात वाढायचं, आणि श्रावण नेहमी गेल्या सालचाच असायचा. आत्ता सांगू नये असं त्याला वाटलं, आणि ते वाटेपर्यंत तोंड सुरू झालं होतं.

“आक्का, ऐका. खोटं वाटंल, पर वाटू द्या. गेल्या श्रावणातली गोष्ट. भीमा अशी, की अलीकडचा काठ वरवंडाला टेकलेला. मी काहिलीत बसलो. समोर बघतो तर नागोबा, माझ्याआधी येऊन बसलेला. मी म्हनलो, बाबा, तिकीट? तो म्हनतो, तुझं काढ आधी, तू सरकारी.”

रजिया पदर तोंडाला लावून हसली. सोपानराव हसले. वाकळ थोडी कमी हलत होती. खरंच कमी. अब्बांची युक्ती लागू पडत होती, आणि सिद्दीकच्या अंगात ऊब शिरली. दीड वर्षात पहिल्यांदा त्याला लाज वाटत नव्हती. “मधी गेल्यावर काहील फिराया लागली. भवऱ्यासारखी. मी काचांची पेटी डोक्यावर धरली, नागोबानं माझी टोपी धरली. सात फेरे झाल्यावर तो म्हनला, आता सोयरिक झाली, उतर. उतरलो तर वडगाव रासाईची खालची वस्ती! पानी गुडघ्याएवढं, घराघरात किरकोळच ताप, पन नेम म्हंजी नेम. तिथं एक हुसेनबी हाय. तुमच्यासारखीच, आक्का, सुईला भिनारी.”

हे नाव का घेतलं, त्याचं त्यालाच कळलं नाही. काहिलीआधी त्यानं खरोखर धरलेला शेवटचा हात तिचा होता. तिनं ताक दिलं होतं, आणि म्हणाली होती, सुभानभाईचं पोर हायस, हळू टोच. नाव तोंडातून गेल्यावर तो थांबला नाही. थांबला असता तर रडला असता. “तिचा पंजा पुरुषी. मनेराच्या पोराला ठावं असतंय. मी तिच्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट असं धरलं, इकडं नागोबाचं सांगत सांगत असं टोचलं. तिला कळलंसुदिक न्हाई. हसत व्हती. ती काच सगळ्यात चांगली आली, सर्जेराव, तुमी बघितलीय.”

“बघितलीय की,” सर्जेराव म्हणाले. “माझी सही आहे तिच्यावर.”

“मग, आक्का, द्या तुमचा हात. डावा.”

रजिया हसत नव्हती. ती कधी थांबली ते त्याला कळलं नव्हतं. बाकही हलायचं थांबलं होतं, आणि कागदावरचं पेन थोडं घरंगळून रेघेवर येऊन टेकलं होतं.

“कवा म्हनलास?” वाकळेतून आवाज आला. तापानं जड झालेला, पण विचारणारा. “गेल्या श्रावनात?”

“व्हय.”

“डावा हात?”

“डावाच. नेम हाय,” सिद्दीक म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला तो आवाज ओळखू आला.

वाकळेची कड उचलली गेली. हात बाहेर आला, आणि त्यानं पुढं केलेल्या तळव्यावर येऊन पडला. तापलेला, रुंद, पुरुषी. त्याची बोटं सवयीनं करंगळीच्या शेजारी गेली. तिथं काही नव्हतं. आंगठा होता, आणि आंगठ्यापुढं चार बुंधे, गुळगुळीत, केव्हाच भरून आलेले.

“त्याच्या आधीच्या माघात, उसाच्या चरकात गेली चारीबी,” हुसेनबी म्हणाली. “मग श्रावनात तू कंचं बोट धरलंस, सुभानभाईच्या पोरा?”